पुण्यातल्या कचेरीत पोळ्याची झडती

एस.टी. चौकात येऊन उभी राहिली तरी आईची बांधाबांध संपली नव्हती. एका पिशवीत चिन्नोर तांदूळ, दुसऱ्या पिशवीतही चिन्नोर तांदूळ, आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली, मला न सांगता, आणखी थोडे चिन्नोर तांदूळ. पुण्यात लोक काय खातात याची तिला खात्री नव्हती. ही गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या जूनची. मी आंधळगावच्या विणकराघरची मुलगी. मॅट्रिक होऊन, भंडाऱ्याला मामांकडे राहून मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते, आणि पुण्याच्या एका सरकारी कचेरीतून मला नेमणुकीचं पत्र आलं होतं. ते पत्र आमच्या आळीत इतक्या हातांतून फिरलं की घडीवर फाटलं.

कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "सुमे, कोणी काही बोललं तं या कानानं आयकाचं, त्या कानानं सोडून द्याचं. जबाब देत नको बसू." तिच्या मागून बाबा म्हणाले, "जबाब दे. पण हासून दे. मनात ठेवलं का सडते." मग दोघांचं आपसातच सुरू झालं आणि त्या गडबडीत गाडी निघाली. मला नीट रडायलाही मिळालं नाही.

तुम्ही जे आंधळगावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पिशव्या घेऊन कुठेकुठे गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मागे राहिलेल्यांना वाटतं की गेलेल्यांचं बरं चाललंय. गेलेले पत्रात तसंच लिहितात. मीही दोन वर्षं तसंच लिहिलं, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं.

आधी बाबांविषयी सांगते, नाहीतर पुढच्याचा अर्थ लागणार नाही. आमच्याकडे बैल नव्हता, माग होता. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे बाबा. तरीही पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली त्यांच्याशिवाय काम चालायचं नाही, कारण गावात झडती जोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुण्याकडच्या माणसांनी झडती म्हटल्यावर पोलिसांची आठवण काढू नये. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली जमले की एकेक जण पुढे होऊन चार यमकी ओळी म्हणतो, आणि त्या ओळींत वर्षभराची खदखद असते. पाटलाने बांध कोरला, सावकाराने माप मारलं, कोणी कोणाच्या सुनेला टाकून बोललं, सगळं निघतं. नाव घ्यायचं नाही, पण माणूस ओळखू यावा. शेवटी तो "हर बोला" म्हणतो आणि सगळं गाव "हर हर महादेव" म्हणतं. ज्याच्यावर झडती झाली त्याने रागवायचं नाही. त्याने तिथल्या तिथे उलट झडती म्हणायची आणि संध्याकाळी एकमेकांच्या घरी पुरणपोळी खायची. बाबांच्या कितीतरी झडत्या मी लिहून दिलेल्या आहेत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते ओळी म्हणायचे आणि मी यमक बसवायचे. तोरणाखाली मात्र बाया नसत. आम्ही लांबून ओट्यावर उभं राहून ऐकायचो.

तर पुणे. बायकांच्या वसतिगृहात खाट मिळाली. शेजारची मुलगी जळगावची होती, तिला माझा भात आवडायचा आणि मला तिचं वांग्याचं भरीत. शहर मला पहिल्या आठवड्यातच आवडून गेलं. लायब्ररीत बसायला खुर्ची मिळते आणि कोणी उठवत नाही, एकटी बाई हॉटेलात डोसा खाते आणि जग बुडत नाही, या गोष्टींचा मला फार आनंद व्हायचा. रविवारी मी नुसती रस्त्याने चालत असे. त्यामुळे जे झालं त्याचा दोष शहराला देऊ नये.

आमच्या विभागात सोळा माणसं, त्यांत बाया दोन. एक मी आणि दुसऱ्या सिंधूताई, ज्या नोकरीत मुरलेल्या होत्या. पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी "नागपूर" झाले. "नागपूर, जरा ही फाइल." "काय नागपूर, संत्री नाही आणली?" भंडारा हा वेगळा जिल्हा आहे, तिथे धान होतं, संत्री नाही, हे मी सुरुवातीला हौसेने सांगत असे. ऐकून घ्यायचे आणि दिवाळीनंतर पुन्हा विचारायचे, "संत्री?" तुमच्याकडे वाघ घरात येतात का, असं एकाने विचारलं. येतो, आला की चहा देतो, असं मी म्हणाले, तर तो खरोखर थोडा वेळ विचारात पडला. एक जण कौतुकाने म्हणायचा, "तुम्ही तिकडच्या वाटत नाही हो." सुरुवातीला मला ते बरं वाटलं. वसतिगृहात जाऊन केस विंचरताना लक्षात आलं की त्याने मला नव्हे, माझ्या सगळ्या गावाला काहीतरी म्हटलं आहे. पण भांडायला जावं तर तो म्हणणार, मी तर तारीफ केली.

चार वाजता चहाची किटली यायची ती थेट माझ्या टेबलावर ठेवली जायची. सोळा कप मी भरायचे. कोणी मला कधी भरायला सांगितलं नव्हतं, फक्त किटली तिथे ठेवलेली असायची. फायलींच्या दोन रॅकमध्ये एक बोळ होता, आणि तिथे एक गृहस्थ फाइल चाळत उभे राहायचे. बाई आली की त्यांना सरकायचं सुचत नसे. आपणच पदर आवरून, पोट आत घेऊन निघायचं. साहेब आले की मात्र त्यांना ताबडतोब सुचायचं.

आणि हेडक्लार्क काळोखे. माणूस दुष्ट नव्हता हे आधीच सांगते. बायकोसाठी गजरा न्यायचे, विभागात कोणाच्या घरी आजारपण असलं की पहिले धावायचे. पण टाइप होत असताना ते मागे येऊन उभे राहायचे आणि खांद्यावर हात ठेवून वाचायचे. "छान, चालू द्या." हात तसाच. दोन मिनिटं, कधी तीन. पुरुष टायपिस्टच्या मागे ते टेबलाला टेकून उभे राहात, हे मी पाहिलेलं होतं.

कुसळ माहीत आहे ना? धानाच्या बांधावरून चालताना लुगड्याच्या काठात शिरतं. बसलं तर टोचत नाही, चाललं की टोचतं, आणि काढायला गेलं तर सापडत नाही. हे सगळं तसं होतं. कोणाला दाखवावं तर दाखवण्यासारखं काही नाही. सिंधूताईंना एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "सवय होते गं." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला त्याच क्षणी ठरवावंसं वाटलं की मला सवय व्हायला नको. आईचा दोन कानांचा उपाय मी इमानदारीने करून पाहिला. पण दोन कानांच्या मध्ये डोकं असतं, आणि ते सगळं धरून ठेवतं.

वर्ष झालं आणि पहिला अहवाल आला. त्यात शेरा होता, "टंकलेखनात चुका आढळतात." मी वर्षभर टाइप केलेले कागद काढून बसले. चुका होत्या, हे खरं होतं. पण त्या सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या. अर्धं पान स्वच्छ, मग तीन-चार ओळी घाण, मग पुन्हा स्वच्छ. त्या तीन-चार ओळी म्हणजे काळोखेंचा हात. दोन वर्षं तात्पुरती नेमणूक होती आणि दुसऱ्या वर्षीही तोच शेरा आला तर मला कायम करणार नव्हते. फाटलेलं नेमणुकीचं पत्र ज्या आळीत फिरलं त्याच आळीत मी ट्रंक घेऊन उतरणार होते. काय कारण सांगणार होते? खांद्यावर हात ठेवत होते म्हणून? काढून टाकण्याआधी आपणच जावं म्हणून मी राजीनामा टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती. तारीख तेवढी टाकायची बाकी ठेवली.

त्याच सुमारास स्नेहसंमेलन आलं. काळोखे म्हणाले, "नागपूर, तुमच्याकडचं काहीतरी करा की. एखादा जंगलातला नाच वगैरे." मी म्हणाले, नाच येत नाही, झडती म्हणते. त्यांनी वहीत लिहून घेतलं, "लोकगीत". मी बाबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं ते चार ओळींचं होतं. "नाव घेऊ नको. खोटं जोडू नको. आणि पयली झडती सोतावर म्हण, मंग दुसऱ्यावर. ज्याले सोतावर हासता येत नाही त्यानं तोरणाखाली जाऊ नये."

स्वतःवर काय म्हणावं याचा विचार करताना मला साताऱ्याच्या बाई आठवल्या. मी सातवीत असताना आमच्या शाळेत तिकडून एक बाई शिकवायला आल्या होत्या. त्या आमच्यासारखं "मले" न म्हणता "मला" म्हणाल्या की आम्ही पोरी खुसुखुसु हसायचो. त्यांच्या चालण्याची नक्कल मी सगळ्यांत चांगली करायचे, आणि बाई वळून पाहायच्या तेव्हा आम्ही वहीत डोकं घालायचो. वर्षभरात त्यांनी बदली करून घेतली. आम्हाला वाटलं होतं की गंमत चालली आहे. मी खाटेवर बसून हे सगळं आठवत होते आणि मला फार लाज वाटली. यमक मात्र पटकन जुळलं.

संमेलनाच्या दिवशी मी कोशाचं लुगडं नेसून उभी राहिले आणि म्हणाले:

साताऱ्याच्या बाईची नक्कल आम्ही केली,
बाई गुपचूप गाव सोडून गेली,
आता पुण्यात माही बारी आली,
तवा कुठं माही हुशारी निघाली.

हर बोला, म्हणाले मी आणि थांबले. कोणाला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. मग सगळ्यांत मागून आमचा शिपाई नामदेव, वर्ध्याकडचा माणूस, खणखणीत आवाजात म्हणाला, "हर हर महादेव." लोक हसले आणि दुसऱ्या झडतीला सगळेच म्हणायला लागले.

भंडाऱ्यात धान आहे, संत्र्याची बाग नाही,
नकाशा पाह्याले भाऊ, पैसा लागत नाही.

दोन रॅकच्या मधात उभा एक खांब,
बाई आली का खांब म्हनते, थांब.
सरकारी खांबा, जरा सरकून राह्य,
तुह्या बी घरी हाये कोणाची तरी माय.

याला तर सिंधूताई खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. त्यांना इतकं हसताना मी प्रथमच पाहिलं. मग शेवटची.

मशीन माही चालते, बोटं माही चालते,
खांद्यावर हात आला का अक्षर न् अक्षर हालते.
चूक कोणाची, लिवा साहेब रिपोर्टात,
चूक बोटात का चूक हातात?

हर बोला. नामदेवसुद्धा गप्प. पहिल्या रांगेत काळोखे उठले आणि निघून गेले.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. काळोखे माझ्याशी बोलेनात. माझ्याकडे काम येईना. जे हसले होते ते आता फायलींत डोकं घालून होते, आणि कोणीतरी म्हणालं की एवढीशी गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची. काळोखे वरच्या साहेबांच्या खोलीत दोनदा जाऊन आले. मी पर्समधून राजीनामा काढला आणि तारीख टाकायला पेन उघडलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मोठी चूक माझीच झाली आहे. झडती म्हटली, पण तिचा कायदा सांगितलाच नाही. आमच्या गावात तो कोणाला सांगावा लागत नाही, म्हणून मला सुचलंही नाही. झडती झालेल्या माणसाला उलट झडतीचा हक्क असतो. मी त्या माणसाला चारचौघांत बोलले होते आणि तोंड उघडायची संधी न देता घरी पाठवलं होतं.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हणाले, "काळोखे साहेब, तुमची झडती राहिली आहे." मी सगळं समजावलं, पोळा, तोरण, पाटील, उलट झडती, संध्याकाळची पुरणपोळी. "तुम्हाला माझ्यावर वाटेल ते म्हणता येईल. मी रागवायचं नाही, असा नियम आहे. पण मी जे म्हणाले ते खरं होतं, ते मी परत घेणार नाही." ते फक्त "बरं" म्हणाले.

चार दिवसांनी चहाच्या वेळी ते उभे राहिले. हातात कागद होता, आणि तो चक्क जावक क्रमांक टाकायच्या सरकारी पत्रासारखा लिहिलेला होता. घसा खाकरून त्यांनी वाचलं:

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, बाई फार बोलतात,
चहा करतात पांचट आणि भात दोन वेळा खातात.
तसेच कळविण्यात येते की, हात यापुढे खिशात,
चूक होती ती हातातच, नव्हती टंकनयंत्रात.

"हर बोला," ते अगदी हळू म्हणाले. नामदेवने महादेवाचं नाव इतक्या जोरात घेतलं की शेजारच्या विभागातली माणसं पाहायला आली. हसणं ओसरल्यावर काळोखे माझ्या टेबलाशी आले, दोन हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी बँकेत लागली आहे. गेल्या वर्षी ती असंच काहीतरी सांगत होती. मी तिला म्हणालो, सवय होईल." मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "पांचट आहे," आणि दुसऱ्या दिवसापासून किटली स्वतःच्या टेबलावर घेतली. त्यांचा चहाही माझ्याइतकाच वाईट होता, कारण चहा मुळात कँटीनमधून तसाच यायचा.

त्या वर्षीचा माझा अहवाल स्वच्छ आला. राजीनाम्याच्या कागदाचे मी चार तुकडे केले आणि धोब्याच्या हिशेबाला वापरले. सगळेच सुधारले असं नाही. रॅकमधल्या गृहस्थांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला, पण सरकायला लागले. संत्र्यांची चौकशी करणारे मात्र अजून चौकशी करतात, तो रोग बरा होणारा नाही. सिंधूताईंनी कपाटाच्या दाराला आतून एक कोरा कागद चिकटवला आणि सांगितलं की ज्याला जे टोचतं त्याने ते लिहावं, नाव घेऊ नये, पहिली ओळ स्वतःवर असावी. इतर विभागांतल्या मुली दुपारी येऊन लिहून जायच्या. एका मुलाने लिहिलं की त्याच्या काळ्या रंगावर रोज विनोद होतो आणि तोही रोज हसतो, पण त्याला हसू येत नाही. तो विनोद करणाऱ्यांत मीही एकदा होते. मी त्याच्याखाली माझी ओळ लिहिली. दर पोळ्याला तो कागद वाचून दाखवायची आमच्या विभागात पद्धत पडली, आणि पुरणपोळ्या काळोखेंच्या घरून येऊ लागल्या.

त्र्याऐंशी साली मी पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आले. आई थोडी वाकली होती, बाबांनी माग भावाकडे दिला होता. संध्याकाळी आईबरोबर देवळात निघाले. पानठेल्यापाशी बाबांचे दोस्त नेहमीसारखे बसले होते, रस्त्यावर पाय पसरून. लहानपणापासून तेच पाहिलेलं. आई पुढे होती. तिने पदर डोक्यावरून ओढला, अंग चोरलं आणि रस्ता सोडून नालीच्या काठाकाठाने, दगडावरून दगडावर पाय देत निघाली. मीही बारा-पंधरा वर्षं तिच्या मागे तशीच चालत आले होते. मला वाटायचं की देवळाची वाटच ती आहे. पुण्यात बोळातला खांब मला दोन दिवसांत दिसला, आणि आमच्या चौकातला सगळा जन्म दिसला नव्हता.

मी थांबले. काळोखेंच्या टेबलापाशी जाताना वाटली होती तशीच भीती वाटली. उलट इथे जास्त, कारण ही आपली माणसं होती, आणि यांना दुखावून मला जायला दुसरं गाव नव्हतं. आईने मागे वळून डोळ्यांनी सांगितलं, चल. मी हसून म्हणाले, "काकाजी, जरा पाय घेता का? आईले नालीतून जावं लागून राह्यलं."

दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक काका म्हणाले, "पुण्याची हवा लागली पोरीले." मला वाटलं, आता झालं. मग सगळ्यांत म्हातारे होते ते पाय पोटाशी घेत बोलले, "हवा कायची? बरोबर बोलली थे. अवं वहिनी, इतक्या वर्सांत सांगाचं ना. आमाले का समजते?" बाकीच्यांनीही पाय घेतले. आई रस्त्यावर चढली. पदर तसाच धरून, पण मधोमध चालत गेली. देवळात पोचेपर्यंत मला कळेना की ती रागावली आहे की काय.

पायरीवर बसल्यावर ती म्हणाली, "चाळीस वर्सं झाली मले या गावात येऊन. हा रस्ता येवढा रुंद हाये, हे मले आजच समजलं."

मी पुण्याला परत आले, इथेच राहिले, इथेच राहीन. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजूनही आंधळगाव सांगते. आता त्या रस्त्याच्या मधून माझी आई चालते.